इरिओमोटेचं रानमांजर: स्वतंत्र प्रजाती की उपप्रजाती?

जपानच्या अगदी नैऋत्य टोकाला इरिओमोटे नावाचं बेट आहे. ओकिनावाच्या मुख्य बेटापेक्षा ते तैवानला जवळ. क्षेत्रफळ सुमारे २८९ चौरस किलोमीटर, म्हणजे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या साधारण पावणेतीनपट. त्यातला नव्वद टक्के भाग घनदाट जंगल आणि खारफुटीने व्यापलेला आहे. मधल्या भागात फार उंच नसलेले डोंगर आहेत आणि किनाऱ्याच्या कडेने अडीच हजारांच्या आतबाहेर माणसांची वस्ती. या बेटावर एक रानमांजर राहतं. जंगलात मोकळं फिरणारं हे मांजर या बेटाबाहेर कुठेही नाही आणि इथेही त्यांची संख्या शंभराच्या आसपासच आहे.

विज्ञानाच्या जगाला या मांजराची ओळख होऊन साठेक वर्षं झाली. एवढ्या काळात त्याचं वर्गीकरण तीन वेळा फिरलं. १९६७ मध्ये ते नवीन प्रजातीचंच काय, अगदी नवीन वंशाचं मांजर म्हणून जाहीर झालं. १९९०च्या दशकात ते आशियाभर पसरलेल्या लेपर्ड कॅट या छोट्या ठिपकेदार रानमांजराची एक उपप्रजाती ठरलं. २०१७ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने सुचवलं की ही वेगळी उपप्रजातीही मानू नये, तिला शेजारच्या उपप्रजातीत सामावून घ्यावं. मांजर तेच होतं, बेटही तेच होतं. बदलत गेली ती त्याच्याकडे पाहण्याची साधनं. एखादा प्राणी ‘स्वतंत्र प्रजाती’ आहे हे ठरवतात कसं, हे समजून घ्यायचं तर या मांजरापासून सुरुवात करावी असं मला वाटतं.

आधी शब्दांचा खुलासा करून घेऊ, कारण आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि वर्तमानपत्रांत ते वेगवेगळ्या अर्थाने येतात. या लेखात ‘प्रजाती’ म्हणजे वाघ, सिंह, बिबट्या यांसारखा एकेक वेगळा प्राणी. जवळच्या प्रजातींचा गट तो ‘वंश’. एकाच प्रजातीतले, पण वेगवेगळ्या प्रदेशांत राहून थोडेफार वेगळे झालेले गट त्या ‘उपप्रजाती’.

इरिओमोटेच्या रहिवाशांना हे मांजर पूर्वीपासून माहीत होतं. ते त्याला यामामाया म्हणत, म्हणजे डोंगरातलं मांजर. यामापिकर्या असंही एक नाव होतं, डोंगरात चमकणारं. रानडुकरांसाठी लावलेल्या फासात ते अधूनमधून सापडायचं. पण विद्यापीठांना आणि संग्रहालयांना त्याची खबर नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर १९७२ पर्यंत ओकिनावाची बेटं अमेरिकेच्या ताब्यात होती आणि हे बेट तर सगळ्यांपासूनच लांब होतं. १९६५ मध्ये प्राण्यांवर लिहिणारे जपानी लेखक युकिओ तोगावा तिथे गेले. रानमांजराच्या गोष्टी त्यांनी ऐकल्या आणि कवटी, कातडं असे पुरावे मिळवून टोकियोला पाठवले. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालयातले सस्तन प्राण्यांचे तज्ज्ञ योशिनोरी इमाइझुमी यांच्या हाती ते पडले.

मांजर आकाराने घरच्या मांजराएवढं, वजन तीन ते पाच किलो. अंग लांबट, पाय आखूड, शेपूट जाड. रंग गडद करडा-तपकिरी, त्यावर काळपट ठिपके. कान टोकदार नाहीत, गोलसर आहेत आणि त्यांच्या मागच्या बाजूला पांढुरका ठिपका आहे. पण इमाइझुमींचं लक्ष रंगापेक्षा हाडांवर होतं. वर्गीकरण करणारे तज्ज्ञ रंगावर फारसा विश्वास ठेवत नाहीत, कारण एकाच प्रजातीत रंग सहज बदलतो. कवटीचा घाट, कानाजवळची हाडं आणि दातांची रचना मात्र सहसा पटकन बदलत नाही, त्यामुळे ती जास्त भरवशाची मानली जाते. बहुतेक मांजरांना ३० दात असतात, या मांजराला २८ होते. वरच्या जबड्यातली पुढची बारीकशी दाढ दोन्ही बाजूंना नव्हती. कवटीतही काही खुणा वेगळ्या होत्या. या सगळ्यावरून इमाइझुमींनी निष्कर्ष काढला की हे मांजर फार जुन्या, इतरत्र नामशेष झालेल्या मांजरांचा उरलेला वारस असावं. त्याच्यासाठी त्यांनी मायाइल्युरस हा नवा वंश केला आणि १९६७ मध्ये मायाइल्युरस इरिओमोटेन्सिस हे नाव प्रसिद्ध केलं. ‘जिवंत जीवाश्म’ म्हणून या मांजराचा गाजावाजा झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांजराचा एक अख्खा नवा वंश सापडणं ही साधी गोष्ट नव्हती.

शंका मात्र लगेचच निघायला लागल्या. लेपर्ड कॅटच्या पुष्कळ कवट्या शेजारी ठेवून पाहिल्यावर कळलं की ती बारीक दाढ त्यांच्यातही सगळ्यांना नसते. कुणात असते, कुणात अगदी खुरटलेली असते, कुणात नसतेच. जी खूण वंश वेगळा करायला पुरेशी वाटली होती, ती एका प्रजातीच्या पोटातच बदलत होती. गुणसूत्रं मोजली तर तीही लेपर्ड कॅटसारखीच, ३८. पण हाडांच्या बाबतीत हा वाद मिटणारा नसतो. एक तज्ज्ञ एका खुणेला महत्त्व देतो, दुसरा दुसऱ्या खुणेला.

इमाइझुमींनी नोंदवलेले फरक खरे होते. चूक होती ती फरकावरून काळाचा अंदाज बांधण्यात. एवढे फरक पडलेत म्हणजे हे मांजर फार प्राचीन काळी वेगळं झालं असणार, असा तो तर्क होता. छोट्या बेटावर हा तर्क फसतो. शंभर-दोनशे प्राण्यांच्या गटात एखादी खूण निव्वळ योगायोगाने काही शे पिढ्यांत सगळ्यांमध्ये पसरू शकते. मोठ्या भूभागावरच्या लाखोंच्या गटात ते जवळजवळ अशक्य असतं. शिवाय बेटावरचं खाणं वेगळं, शत्रू वेगळे, त्यामुळे शरीराचा घाटही झपाट्याने बदलतो. म्हणजे दिसण्यातला मोठा फरक थोड्या काळातही पडू शकतो. हाडं पाहून फरक दिसतो, पण वेगळं होऊन किती काळ लोटला ते कळत नाही.

तो काळ मोजायचं साधन १९९०च्या दशकात हाताशी आलं: डीएनए. त्याचं तत्त्व जुन्या पोथ्यांच्या उदाहरणाने चांगलं समजतं. छापखाने येण्याआधी पोथी हाताने उतरवून घेत. लिहिताना एखादं अक्षर चुकायचं, मग त्या प्रतीवरून केलेल्या पुढच्या सगळ्या प्रतींत ती चूक जायची, आणि त्यात नव्या चुकांची भर पडायची. दोन प्रतींमधल्या सारख्या आणि वेगळ्या चुका मोजल्या की त्या किती जवळच्या, त्यांचं मूळ कुठे फुटलं, हे अभ्यासकाला सांगता येतं. डीएनएचंही तसंच आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्याची नक्कल होताना बारीक बदल होत राहतात. दोन गट एकमेकांपासून तुटले की दोघांत वेगवेगळे बदल साचत जातात. जितके बदल जास्त, तितकी ताटातूट जुनी. बदलांचा वेग अंदाजे माहीत असेल तर वर्षांचा हिशेब मांडता येतो. हा अंदाजच असतो, त्यात पुढेमागे होऊ शकतं, पण वीस हजार वर्षं आणि वीस लाख वर्षं यांतला फरक त्यातून नक्की कळतो.

जपानी संशोधकांनी पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए तपासला. हा डीएनए फक्त आईकडून येतो आणि त्यात बदल तुलनेने लवकर साचतात, त्यामुळे जवळच्या नात्यांसाठी तो सोयीचा पडतो. उत्तर निःसंदिग्ध होतं. इरिओमोटेचं मांजर लेपर्ड कॅटच्या घराण्यातलंच निघालं. ताटातूट झाली ती सुमारे दोन लाख वर्षांपूर्वी. हिमयुगांत समुद्राची पातळी खाली जायची तेव्हा आशियाचा किनारा आणि ही बेटं यांतलं अंतर कमी व्हायचं. पाणी पुन्हा चढलं आणि इथली मांजरं इथेच अडकली. भूगोलाचा आणि डीएनएचा हिशेब जुळला.

दोन लाख वर्षं आपल्याला खूप वाटतात. पण लेपर्ड कॅट आणि फिशिंग कॅट या सख्ख्या भावंडांसारख्या दोन प्रजातींची फारकत साधारण पंचवीस लाख वर्षांपूर्वीची आहे. आपल्याकडची वाघाटी (रस्टी-स्पॉटेड कॅट) याच वंशातली, प्रायोनेल्युरसची, आणि ती तर त्याहूनही आधी वेगळी झालेली. लेपर्ड कॅट पश्चिम घाटातही आहे. म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या लेपर्ड कॅटचं इरिओमोटेच्या मांजराशी असलेलं नातं वाघाटीशी असलेल्या नात्यापेक्षा कितीतरी जवळचं. या मोजपट्टीवर इरिओमोटेचं मांजर वेगळा वंश राहू शकत नव्हतं आणि वेगळी प्रजाती म्हणूनही टिकणं अवघड होतं. त्याचं नाव झालं प्रायोनेल्युरस बेंगालेन्सिस इरिओमोटेन्सिस. वंश गेला, पण इमाइझुमींनी दिलेलं शेवटचं पद टिकलं. शास्त्रीय नावापुढे संशोधकाचं नाव आणि साल कंसात असेल तर समजायचं की पहिल्यांदा नाव देताना वंश दुसरा होता. या मांजराच्या नावापुढे इमाइझुमींचं नाव असंच कंसात लिहितात.

इथे हमखास एक प्रश्न येतो. दोन गट वेगळ्या प्रजातींचे आहेत का हे पाहायचं तर त्यांना एकत्र आणून पिल्लं होतात का ते बघावं, एवढं सोपं आहे ना? शाळेत आपण हीच व्याख्या शिकलो. उत्क्रांतीचे अभ्यासक अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये ती नेमकी करून मांडली: निसर्गात एकमेकांत प्रजनन करणाऱ्या आणि इतर गटांपासून प्रजननाच्या दृष्टीने तुटलेल्या समूहांना प्रजाती म्हणावं. यातला ‘निसर्गात’ हा शब्द महत्त्वाचा आहे. अमेरिकेत लेपर्ड कॅट आणि घरचं मांजर यांचा संकर करून ‘बेंगाल’ नावाची पाळीव जात तयार केली गेली. या दोघांची फारकत काही दशलक्ष वर्षांची आहे, दोघांना एक प्रजाती कुणीही म्हणणार नाही, तरी पिल्लं झाली. सुरुवातीच्या पिढ्यांतले नर वांझ निघतात, माद्या नाहीत. पिंजऱ्यात पिल्लं होणं हा एकाच प्रजातीचा पुरावा नाही, हे यातून कळतं. आणि बेटावरच्या मांजराच्या बाबतीत तर निसर्गातली कसोटी लावताच येत नाही. मध्ये समुद्र आहे, ती भेटणारच नाहीत. भेटली असती तर काय झालं असतं, याचा अदमास दुसऱ्या पुराव्यांवरून बांधावा लागतो.

म्हणून हल्लीचे तज्ज्ञ एका पुराव्यावर थांबत नाहीत. शरीररचना, डीएनए आणि भूगोल ही तिन्ही एकच गोष्ट सांगतात का ते पाहतात. ती सांगत असतील तर निर्णय पक्का. एकच बाजू बोलत असेल तर निर्णय तात्पुरता.

डीएनए आलं म्हणजे प्रजाती कमी झाल्या, असा समज मात्र करून घेऊ नये. कित्येकदा नेमकं उलट झालं. बोर्निओच्या जंगलातल्या तांबूस ‘बे कॅट’चं पहिलं वर्णन १८७४ मध्ये जॉन एडवर्ड ग्रे यांनी केलं, आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी सारावाकमधून पाठवलेल्या एका नमुन्यावरून. पुढे शंभर वर्षं काही जण तिला आशियाई गोल्डन कॅटचंच बुटकं बेटवासी रूप समजत राहिले. १९९२ मध्ये एक मादी सापडली, तिचा डीएनए तपासला गेला आणि दोघींची फारकत सुमारे चाळीस लाख वर्षांची निघाली. म्हणजे बोर्निओ समुद्रामुळे शेवटचं तुटलं त्याच्या कितीतरी आधीची. तिचं स्वतंत्र प्रजातीपण पक्कं झालं. ईशान्य भारतातल्या जंगलांत राहणाऱ्या क्लाउडेड लेपर्डचंही असंच. जवळजवळ दोनशे वर्षांच्या अभ्यासात ती बहुतांशी एकच प्रजाती मानली गेली. २००६ मध्ये डीएनए आणि अंगावरच्या ठिपक्यांचा घाट या दोन्हींवरून बोर्निओ-सुमात्राची प्रजाती वेगळी निघाली.

आणि खुद्द लेपर्ड कॅट? २०१७ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मांजर तज्ज्ञ गटाने जगातल्या सगळ्या मांजरांच्या वर्गीकरणाची फेरतपासणी प्रसिद्ध केली. तिच्यात एकूण ४१ प्रजाती मानल्या आहेत. लेपर्ड कॅटचे तिथे दोन भाग केले: मुख्य भूमीवरची एक प्रजाती आणि जावा, सुमात्रा, बोर्निओ या बाजूची दुसरी. म्हणजे वेगळी निघणारी बेटवासी मांजरं होती, पण ती दक्षिणेकडची. इरिओमोटेचं मांजर मुख्य भूमीच्या प्रजातीत राहिलं आणि अमूरचं खोरं, कोरिया, त्सुशिमा बेट इथल्या युप्टिल्युरस या उपप्रजातीत टाकलं गेलं. जपानच्या सरकारी यादीत मात्र आजही इरिओमोटेन्सिस ही वेगळी उपप्रजातीच आहे. दोन्ही बाजूंकडे कारणं आहेत. उपप्रजातीची व्याख्या प्रजातीहूनही सैल असते, त्यामुळे या पायरीवर मतभेद राहणारच.

आता यात बिघडलं काय, असं कुणी विचारेल. बिघडू शकतं. कायदे आणि याद्या नावांवर चालतात. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत प्रजातींची नावं आहेत. संवर्धनाचा पैसा, वर्तमानपत्रांतली जागा, लोकांचं कुतूहल हे सगळं ‘जगातली एकमेव प्रजाती’ या शब्दांमागे जातं. लेपर्ड कॅट एकूण पाहिली तर अफगाणिस्तानपासून रशियाच्या पूर्व टोकापर्यंत पसरलेली आहे, आययूसीएनच्या यादीत तिला फारसा धोका नाही. त्या मोठ्या आकड्यात शंभर मांजरं सहज हरवून जातील. म्हणूनच काही संशोधकांना प्रत्येक वेगळ्या दिसणाऱ्या गटाला प्रजाती म्हणण्याचा मोह होतो. मला तो मार्ग बरोबर वाटत नाही. प्रजाती हा शब्द किती काळ आणि किती दूर गेलं, या प्रश्नाचं उत्तर आहे. जपायचं की नाही, या प्रश्नाचं नाही. दोन्हींची सरमिसळ केली की पुढच्या डीएनए चाचणीत नाव खाली आलं की संरक्षणही खाली येईल. १९८०च्या दशकापासून संवर्धनशास्त्रात यावर एक तोडगा आहे: आपल्या वाटेने वेगळी उत्क्रांती होत असलेला, इतरांपासून तुटलेला गट हे जपण्याचं एकक मानावं, मग त्याला प्रजाती म्हणा वा उपप्रजाती.

इरिओमोटेचं मांजर या एककात अगदी चपखल बसतं, आणि ते त्याच्या दातांमुळे नव्हे, जगण्यामुळे. इतर ठिकाणी लेपर्ड कॅट मुख्यतः उंदीर-घुशींवर जगते. या बेटावर जमिनीवरचे छोटे सस्तन प्राणी मुळात नव्हतेच, उंदीर माणसाबरोबर नंतर आले. मग हे मांजर मिळेल ते खायला शिकलं: बेडूक, सरडे, साप, पक्षी, रातकिडे, फळवटवाघळं, अगदी ओढ्यातल्या कोळंब्याही. ते पोहतं, पाण्यात शिकार करतं. एवढ्याशा बेटावर रानमांजराची प्रजा इतकी वर्षं टिकून राहिली, ती या बदललेल्या खाण्यामुळे. सह्याद्रीतली किंवा कोरियातली लेपर्ड कॅट आणून सोडली तर तिला हे येणार नाही.

जपानने या मांजराच्या बाबतीत नावावर सगळं सोपवलं नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. १९७७ मध्ये त्याला ‘विशेष नैसर्गिक स्मारक’ हा दर्जा मिळाला होता. उपप्रजाती ठरल्यावरही तो कायम राहिला. १९९४ मध्ये संकटग्रस्त प्राण्यांच्या कायद्याखाली त्याला संरक्षण मिळालं. २०२१ मध्ये इरिओमोटे, उत्तर ओकिनावा आणि त्याच्याही उत्तरेकडची अमामी-ओशिमा, तोकुनोशिमा ही बेटं एकत्रितपणे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली, त्यात या मांजराचा मोठा वाटा आहे.

तरी संख्या काही वाढलेली नाही. १९८०च्या दशकातल्या पाहणीत जो शंभराच्या आसपासचा आकडा आला, तोच दोन हजारनंतरच्या पाहणीतही आला. बेट एवढ्याच मांजरांना पोसू शकतं. शिवाय त्यांच्यात जनुकीय विविधता फार थोडी, त्यामुळे एखादी साथ सगळ्यांनाच घेरू शकते. बेटावर घरची मांजरं आहेत आणि त्यांच्या विषाणूंची लागण रानमांजरांना होऊ शकते, म्हणून स्थानिक तकेतोमी नगराच्या नियमांनुसार पाळीव मांजरांची नोंदणी करावी लागते. पण सगळ्यात मोठा धोका गाड्यांचा आहे. या मांजराला उंच डोंगरापेक्षा सखल भाग आवडतो, कारण बेडूक, ओढे, भातशेतीच्या कडा तिथेच आहेत. नेमका तिथूनच किनाऱ्याचा मुख्य रस्ता जातो. रस्त्यावर मेलेल्या बेडकांसाठी मांजर डांबरावर येतं आणि स्वतः चिरडलं जातं. शंभरांच्या गटात एका वर्षात दोन-तीन माद्या गेल्या तरी त्याचा परिणाम पुढच्या पिढीवर दिसतो. म्हणून रस्त्याखालून बोगदे काढले आहेत, जागोजागी सूचनाफलक आहेत, आणि काही रहिवासी रात्री गाडीने गस्त घालून वेगात जाणाऱ्यांना सावध करतात, रस्त्यावर पडलेले मेलेले बेडूक-खेकडे उचलून बाजूला टाकतात.

मेलेली मांजरं बेटावरच्या सरकारी वन्यजीव केंद्रात नेऊन तपासली जातात. आजवरचं वर्गीकरण मुख्यतः मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे फक्त आईकडून आलेल्या डीएनएवर उभं राहिलं. केंद्रकातल्या संपूर्ण डीएनएची तैवान, कोरिया आणि मुख्य भूमीवरच्या लेपर्ड कॅटशी सविस्तर तुलना झाली की उपप्रजातीचा प्रश्न पुन्हा उघडेल, आणि चौथ्यांदा बदल झाला तर तो अशाच नमुन्यांवरून होईल.